पाच महिन्यांचं वर्ष

३ फेब्रुवारी, मंगळवार

आजपासून पुन्हा डायरी. मोठ्या कामाची नोंद मागे राहिलेली बरी.

आदिती मॅडमनी केबिनमध्ये बोलावलं आणि म्हणाल्या, "अनेकांत, आपल्या ताटाचं वर्ष बदलायचं. यापुढे एप्रिल ते मार्च. तुम्ही बघा." मी "होऊन जाईल" म्हणालो आणि बाहेर येईपर्यंत मनातल्या मनात काम उरकूनही टाकलं. तारीखच तर बदलायची आहे.

'ताट' म्हणजे काय हे लिहून ठेवतो, नाहीतर दहा वर्षांनी ही डायरी वाचणाऱ्याला वाटायचं मी कँटीनमध्ये कामाला होतो. आमच्या लोखंड ओतायच्या फौंड्रीत पगाराशिवाय प्रत्येकाला वर्षाला ठरावीक पॉइंट मिळतात. त्यातून ज्यानं त्यानं आपल्याला हवं ते घ्यायचं: चष्मा, दात, आईबापाची तपासणी, पोरांची शिकवणी, एसटीचा पास, जादा विमा. पुण्यात माझ्या आधीच्या कंपनीत याला फ्लेक्सी बेनिफिट म्हणत. इथे मालक कल्लाप्पाण्णांनी हे सुरू करताना कामगारांना सांगितलं होतं की खानावळीत हवं ते वाढून घेता तसं घ्या. तेव्हापासून सगळे ताटच म्हणतात.

हे वर्ष चालतं दिवाळी पाडव्यापासून पुढच्या दिवाळीपर्यंत. इन्कम टॅक्सचं वर्ष वेगळं, विम्याचं वेगळं आणि आमचं तिसरंच. मॅडम अण्णांच्या कन्या, शिकून-सवरून आता कारखाना बघतात, त्यांना हे खटकणारच. मला इथं येऊन आठ महिने झाले आणि अजून दारावरच्या पाटीत माझ्या हुद्द्याआधी 'प्रभारी' आहे. हे काम बिनबोभाट झालं की तो शब्द जाईल, असं मॅडमच्या बोलण्यात आलं.

जयसिंगपूरला घरी आलो तेव्हा आई दोडका सोलत होती. तिला सगळं सांगितलं.

"माणसांना विचारलंस का?"

"तारखेला काय विचारायचं?"

"सगळ्या बाजूंनी बघशील म्हणून नाव अनेकांत ठेवलं," ती म्हणाली, "आणि तू बघतोस गाडीच्या बैलासारखं, नाकासमोर."

आईला कॉर्पोरेट गोष्टी कळत नाहीत.

५ फेब्रुवारी, गुरुवार

अण्णांना भेटून आलो. भट्टीशेजारी उभं राहून बोलण्यात त्यांचा जन्म गेलाय. त्यामुळे ते कानात सांगतात तेही गेटवरच्या वॉचमनला कळतं.

"पाडव्यालाच का म्हून काय इचारतोस? श्रावकाचा पोरगा न्हवं तू? आवसंच्या पहाटं महावीरांचा निर्वाणलाडू, दुसऱ्या दिशी नवं वरीस. आमच्या बानं वह्या तवाच उघडल्या. मी ताट बी तवाच वाढलं."

"पण अण्णा, पाडवा हलतो. मागचं वर्ष बारा महिन्यांचं होतं. हे चालू वर्ष तेरा महिन्यांचं आहे, कारण ज्येष्ठात अधिक मास येतोय."

"मग बिघडलं कुठं? पंचांग एक म्हैना जादा देतंय, घे की!"

विमा कंपनीच्या बाईंनी काल फोनवर विचारलं होतं, तुमचं वर्ष किती दिवसांचं असतं. मी खरं तेच सांगितलं, की ते पंचांगावर अवलंबून आहे. त्यांनी प्रश्न पुन्हा विचारला.

शेवटी अण्णा म्हणाले, "पोरगीनं सांगितलंय न्हवं, मग बदल. फकस्त कुणाच्या ताटातलं काय सांडतंय तेवढं बघ."

मी बघितलं. काहीही सांडत नाही. चालू वर्ष ३१ मार्चला बंद करायचं, म्हणजे ते पाच महिन्यांचं छोटं वर्ष होईल. १ एप्रिलला नवं ताट. तोवर न वापरलेले पॉइंट बुडाले, ही तर जगाची रीत आहे.

यादीही साफ केली. शेवटी एक विनोदी प्रकार सापडला: 'धोंडा, फक्त अधिक मासाच्या वर्षी'. म्हणजे धोंड्याच्या महिन्यात लेक-जावयाला घरी बोलवून अनारसे, पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे आणि खर्च ताटातून! कुठल्या कंपनीच्या धोरणात अनारसे असतात? शिवाय हा महिना येतो मे-जूनमध्ये, छोटं वर्ष संपल्यावर. खोडून टाकला.

१० फेब्रुवारी, मंगळवार

नोटीस लागली. भाषा मीच केली, अनुजानं टाइप केली. अनुजा कांबळे माझ्या हाताखाली आहे. रोज हुपरीहून येते. कमी बोलते आणि काम चोख करते. एवढी हुशार की काही कामगारांच्या चष्म्याचे नंबरसुद्धा तिला तोंडपाठ आहेत. परवा धोंडीराम पोवारांचा तिनं फाईल न उघडता सांगितला.

नोटिशीसमोर ही गर्दी. साच्यातले वाळूचे गाभे बनवणाऱ्या कोअर शॉपमधल्या यल्लव्वा सगळ्यांत पुढे. त्या सीमेपलीकडच्या, मला 'तम्मा' म्हणतात. कानडीत तम्मा म्हणजे धाकटा भाऊ.

"तम्मा, पाच म्हैन्याचं वरीस करतोयस व्हय?"

"हो. एकदाच फक्त."

"मग माजं वय बी त्या हिशेबानं लाव की!"

सगळे हसले. मीही हसलो. लोकांनी बदल स्वीकारला असं समजायला हरकत नाही.

आणखी एक सुधारणा केली, तिचा मला खरा अभिमान आहे. आतापर्यंत पाडव्याला सगळे रांगेत उभे राहून आपलं ताट मोठ्यानं सांगायचे आणि अख्खी रांग सल्ले द्यायची. मागच्या वेळी एकानं एसटी पास मागितला तर मागून चौघं ओरडले होते, "दातं बसवून घे आदी! बायको घरात घीना तुला!" आता हे बंद. प्रत्येकाची निवड बंद पाकिटात, आणि ती फक्त मला माहीत. उघड केली तर माझ्यावर कारवाई, असं मीच कलम घातलंय.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

पॉइंट बुडू नयेत म्हणून अर्धा कारखाना चष्मेवाल्याकडे जाऊन आला. साचे भरणारा बाळासो मोल्डर, ज्याला नदीपल्याडची म्हैस कुणाची ते सांगता येतं, तोही चष्मा घालून आला.

"नंबर किती निघाला?"

"कशाचा नंबर? साधी काच हाय. पोराला स्थळं बघायला जायचंय. जरा वजन पडतंय."

दुपारी दातांच्या डॉक्टरांचा फोन. "तुमच्याकडं साथबीथ आलीय का?"

मॅडमना मी कळवलं की योजनेचा वापर विक्रमी वाढला आहे.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

धोंडीराम पोवार खिडकीशी आले. भट्टीवरचे सगळ्यांत जुने माणूस, गडमुडशिंगीचे, पुढच्या वर्षी निवृत्त होतील. बायको वारल्यापासून घरात एकटेच असतात म्हणे. धोंड्याच्या महिन्यात जन्मले म्हणून धोंडीराम, हे त्यांनीच मला मागे सांगितलं होतं. एरवी बोलायला लागले की भट्टीलाही घाम फुटेल असे. आज मात्र आवाज खाली होता.

"सायेब, यादीत धोंडा दिसत न्हाय."

"काढलाय. तो महिना छोट्या वर्षात बसत नाही."

"पाडव्याला मी त्योच घेतलता. अण्णांनी लिवून घेतलाय."

"अहो, पॉइंट राहतील की तुमचे. फुल बॉडी चेकअप घ्या ना. डोक्यापासून पायापर्यंत सगळं तपासतात."

"माज्या अंगात कायबी बिघडल्यालं न्हाय," ते म्हणाले. बोलताना माझ्या खांद्यावरून मागे बघत होते. मागे कॅलेंडर आहे, बहुतेक तारीख पाहत असावेत. कॅलेंडरखाली अनुजा बसते.

"परत कधी येणार मग त्यो म्हैना?"

"२०२९ साली."

"तवर मी हितं नसणार," म्हणाले आणि गेले.

अनुजाकडून आज पहिल्यांदा चूक झाली. एकाच पानावर तारीख तीनदा टाइप केली. तिचा चेहरा उतरला होता. पंख्याचा वारा थेट अंगावर येत असावा. तिची जागा बदलायला हवी.

१० मार्च, मंगळवार

काहीतरी बिनसलंय. कोअर शॉपमधून रोज अकराला माझ्यासाठी चहा यायचा, तो बंद झाला. यल्लव्वा 'तम्मा' म्हणायच्या थांबल्या. आज 'सायेब' म्हणाल्या. बाळासोनं चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं आणि परत घातला. वाईट वाटलं. मी काय कुणाचं घोडं मारलंय? चष्मे, दात, सगळं तर मिळालं.

अनुजाला पंख्यापासून लांब बसवायला गेलो तर म्हणाली, "नको सर, इथनं खिडकी दिसते." खिडकीतून दिसतं काय, तर भट्टी.

१९ मार्च, गुरुवार. गुढीपाडवा.

सुट्टी. आईनं श्रीखंड केलं होतं. जेवताना मी धोंड्याची गंमत सांगितली. वाटलं हसेल.

ती हसली नाही. म्हणाली, "तुझे बाबा एकदा माझ्या वडिलांवर रुसले होते. मानपानावरून. दोन वर्षं त्या घरची पायरी चढले नाहीत. आप्पांना जावई हवा होता पण वाकायचं नव्हतं. मग अधिक महिना आला. आपल्यात काही त्याचं एवढं नसतं, पण आप्पा शेजाऱ्यांचं बघून दारात येऊन उभे राहिले. म्हणाले, मी कुठं बोलावतोय? महिना बोलावतोय."

"मग?"

"मग काय? बाबा गेले. अकरा अनारसे खाल्ले आणि आठ दिवस पोट धरून बसले."

गोष्ट छान आहे. धोरणात कुठे बसवायची ते मात्र समजलं नाही.

२४ मार्च, मंगळवार

मी गाढव आहे. हे वाक्य आज मी स्वतः, पूर्ण शुद्धीत लिहितोय.

दुपारी यल्लव्वांना गाठलं आणि सरळ विचारलं, माझं चुकलं काय. त्यांनी हातातली वाळू झटकली.

"धोंड्याचं ताट का वडलंस धोंडीरामच्या म्होरनं?"

"अहो, पण धोंडीरामना जावई कुठाय?"

"आं? तुज्या खोलीत बसती ती कोण हाय मग?"

"अनुजा? ती कांबळे आहे."

"लगीन झाल्यावर कांबळे! आदी पोवार हुती की! त्याची एकुलती एक ल्येक हाय ती!" त्या एवढ्या मोठ्यानं बोलल्या की दोन मशिनी बंद पडल्यासारख्या वाटल्या. "बुद्धभूषण म्हून पोरगा हाय हुपरीचा, चांदीच्या पैंजणाची डिझाइनं काढतोय. सोन्यासारका पोरगा. धोंडीरामनं जात आडवी घातली. तीन वर्सं झाली, बोलत न्हाय पोरीसंगं. अण्णांनी मुद्दाम तिला हापिसात घेतलं, निदान रोज नजरंला तरी पडंल म्हून. आता त्याला आपलं चुकल्यालं कळतंय, पर तोंड उगडंना झालंय. म्हाताऱ्यानं वरीसभर आदी ठरीवलंतं, धोंड्याला बोलवायचं. आन तू आलास कॅलेंडर घिऊन."

"हे सगळ्यांना माहीत होतं?"

"गेटावरच्या कुत्र्याला बी म्हाईत हाय. तुला तेवडं न्हाय."

कॅलेंडर. चष्म्याचा नंबर. खिडकी. माणूस तीन वर्षं एका निमित्ताची वाट बघत होता आणि मी त्याला फुल बॉडी चेकअप दाखवला. लाज वाटली, फार लाज वाटली. संध्याकाळी अनुजाला 'येतो' म्हणायचं धाडसही झालं नाही.

२६ मार्च, गुरुवार

मॅडमकडे गेलो. नव्या यादीत धोंडा परत घ्यावा म्हणालो. आता वर्ष एप्रिल ते मार्च आहे, महिना त्यातच बसतो. कारण सांगितलं नाही, लोकांची मागणी आहे एवढंच म्हणालो.

"अनेकांत, तुम्हीच काढलात ना? आणि योग्य काढलात. अनारशांचं बिल बघून ऑडिटर काय म्हणेल? यादी फायनल आहे."

आयुष्यात पहिल्यांदा माझ्याच शिस्तीचा राग आला.

वर आणखी एक घोळ. छोटं वर्ष मी ३१ मार्चला संपवतोय, त्या दिवशी महावीर जयंती. कारखाना बंद! श्रावकाच्या पोरानं शेवटचा दिवस नेमका त्याच दिवशी ठेवावा? आईला सांगितलं तर तिनं फक्त कपाळाला हात लावला. सगळी बिलं आता ३० तारखेलाच घ्यावी लागणार.

३१ मार्च, मंगळवार

सकाळी मिरवणूक. अण्णा पांढऱ्या टोपीत, मॅडम पालखीच्या मागे. ढोल-ताशा थांबल्याबरोबर अण्णांनी मला बघून हाक मारली. चौकातले सगळेच वळले.

"काय रे, संपलं का तुजं वरीस?"

कसा धीर आला कोण जाणे, पण मॅडमसमोरच बोललो. "अण्णा, एक ताट सांडलं. तुम्ही बघायला सांगितलं होतं, मी बघितलं नाही. धोंडा परत यादीत घ्यायला हवा."

मॅडम म्हणाल्या, "पप्पा, ऑडिटर हसेल."

"हसू दे की! मागल्या धोंड्याला तुजा नवरा पुण्यासनं आलता, चांदीची वाटी घिऊन गेला. ती कुठल्या ताटातली हुती? पयला धोंडा मीच घेतलता, पॉइंट घालून. मालकाला एक न्याव आन भट्टीवाल्याला दुसरा व्हय?"

हे सगळं त्यांच्या कानात सांगण्याच्या आवाजात. मॅडमचे यजमान दोन पावलांवर उभे होते, त्यांनी खाली बघून पायताणाचा पट्टा नीट केला.

मॅडमना हसू आवरलं नाही. "नाव तरी बरं द्या त्याला," म्हणाल्या.

घरी न जाता थेट ऑफिसला. सुट्टी असूनही अनुजा आली, मीच फोन केला होता. तिला सांगितलं, लिही: 'सासर-माहेर स्नेहभोजन, अधिक मासात. मुलीच्या वडिलांनी लेक-जावयास...'

तिचे हात थांबले. "सर, बापानंच बोलवायचं का? पोरीनं बापाला बोलावलं तर न्हाय चालणार?"

एरवी स्वच्छ बोलणारी ही मुलगी, 'न्हाय' म्हणून गेली. मी चेहरा जमेल तितका कोरा ठेवला. "चालेल. 'किंवा मुलीने वडिलांस' असं टाक. तारखेचा रकाना ठेव."

४ एप्रिल, शनिवार

पाकिटं उघडली. पहिल्या दिवशी धोंडीराम खिडकीशी आले, पाकीट टाकलं आणि पाठ फिरवून गेले. वाटलं होतं त्यांनी रागानं चष्माच घेतला असणार.

धोंडीराम पोवार: सासर-माहेर स्नेहभोजन. तारीख १७ मे, महिन्याचा पहिलाच दिवस. ठिकाण गडमुडशिंगी.

मी खुर्चीतून उठून एकटाच नाचलो. मग खालचं पाकीट उघडलं.

अनुजा कांबळे: सासर-माहेर स्नेहभोजन. तारीख १७ मे. ठिकाण हुपरी.

परत खाली बसलो.

१२ मे, मंगळवार

महिनाभर तोंड शिवून बसलोय. दोघंही माझ्यासमोर, मध्ये एक खिडकी, आणि दोघंही एकमेकांना एक शब्द बोललेले नाहीत. धोंड्याचं आमंत्रण फोनवर देत नाहीत, दारात जाऊन द्यावं लागतं. म्हणजे रविवारी सकाळी धोंडीराम हुपरीला जाणार आणि अनुजा नवऱ्याला घेऊन गडमुडशिंगीला. दोन्ही घरांना कुलूप, दोन्ही घरांत पुरण शिजलेलं. बापाला वाटणार पोरगी टाळून गेली, पोरीला वाटणार बाप टाळून गेला. आणि मग २०२९.

जुन्या पद्धतीनं रांगेत ओरडून सांगितलं असतं तर तिथंच निकाल लागला असता. गुप्ततेचं कलम कुणी घातलं? मी.

आईला नावं न सांगता विचारलं. समज, दोन माणसं एकमेकांना आणायला एकाच वेळी निघाली आहेत. कुणाला थांबवायचं? चूक कुणाचीच नाही.

"थांबवायचं कशाला? दोघंही बरोबर आहेत," आई म्हणाली. "रस्ता एकच आहे ना?"

"एकच. एसटीचा."

"मग तू रविवारी काय करतोयस?"

आईला कॉर्पोरेट गोष्टी कळतात, फक्त ती तसं म्हणत नाही.

१७ मे, रविवार

सकाळीच मोटारसायकल काढली आणि गडमुडशिंगीच्या स्टॉपसमोर उसाच्या रसाच्या गाड्याआड उभा राहिलो. कलमात बोलायला बंदी आहे, रस पिण्याला नाही. तीन ग्लास झाले.

धोंडीराम आले. इस्त्रीचा पांढरा सदरा, हातात अनारशांचा डबा. हुपरीकडे जाणाऱ्या बाजूला उभे राहिले. टोपी काढायचे, परत घालायचे. एक एसटी आली, ते चढले नाहीत. मला वाटलं संपलं, हे माघारी जाणार. ते दोन पावलं घराकडे गेलेही.

तेवढ्यात समोरच्या बाजूला हुपरीहून येणारी गाडी थांबली. गाडी हलली आणि रस्त्यापलीकडे अनुजा उभी, हिरव्या काठाच्या साडीत, शेजारी एक उंच, चष्मा लावलेला तरुण.

मधून एक ट्रॅक्टर गेला, उगाचच सावकाश.

"कुटं निगालासा?" धोंडीरामनी रस्त्यापलीकडून विचारलं. भट्टीवरचा आवाज परत आला होता.

"तुमच्याकडंच. तुम्हाला न्यायला आलोय. तुम्ही?" अनुजानं विचारलं.

"मी बी... तुमच्याकडंच."

बुद्धभूषणच रस्ता ओलांडून आला. मी गाड्याच्या आडून कान लांब केले.

"मामा, एक आधीच सांगतो. आम्ही हे महिनेबिहिने मानत नाही. मी पाय धुऊ देणार नाही."

धोंडीरामनी टोपी नीट बसवली. मग म्हणाले, "बरं झालं. माजं गुडगं बी वाकत न्हाईत." आणि डबा पुढं केला. "ह्ये तर मानतोस न्हवं?"

"अनारसे? हे सगळेच मानतात."

त्यावर अनुजा हसली आणि हसता हसता रडायलाच लागली. धोंडीरामनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. "चुकलं माजं," एवढंच म्हणाले. त्यांना इतक्या हळू बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. रसवाल्यानं चरक थांबवला.

"आता कुणाकडं?" बुद्धभूषणनं विचारलं.

"जावई पयल्यांदा दारात आलाय, माघारी धाडू व्हय? दुपारचं हितं जेवा. रातच्याला मी येतो तुमच्याकडं. तुमचं पुरण का वाया घालवायचं?"

तिघं वळले आणि तेवढ्यात म्हाताऱ्याची नजर गाड्याकडं गेली. चष्म्याचा नंबर बरोबर आहे त्यांचा.

"ओ पावणं! ग्लास ठेवा खाली आन चला जेवायला. आमचं वरीस आज सुरू झालंय."

मी अनारसे किती खाल्ले ते लिहीत नाही. वडिलांच्या वळणावर गेलोय.

१९ मे, मंगळवार

एकाच दिवसाची दोन बिलं आली. दुपार गडमुडशिंगी, रात्र हुपरी, आणि जेवणारी माणसं तीच. मॅडमनी विचारलं, "हे डबल नाही का?" मी म्हणालो, "नाही मॅडम, दोन बाजू आहेत." त्यांनी माझ्याकडे जरा बघितलं आणि दोन्हींवर सही केली. दारावरची पाटी बदलायला पेंटरला सांगितलंय म्हणाल्या. गुप्ततेचं कलम मी स्वतःच काढून टाकतोय. पुढच्या वेळी रांग लागेल आणि ज्याला ओरडायचं त्यानं ओरडावं.

अकराला चहा आला. "घी तम्मा," यल्लव्वा म्हणाल्या, "साकर जादा हाय."

मग धोंडीराम खिडकीशी आले. परत माझ्या खांद्यावरून मागे बघायला लागले. या वेळी मी खुर्ची बाजूला सरकवली.

"अनू," ते म्हणाले, "माजा चष्म्याचा नंबर किती गं?"

तिनं मान वर केली आणि फाईल न उघडता सांगितला.